जुन्या ट्रॅक्टरचा लगाम : थ्रॉटल आणि गव्हर्नर

खेड्यापाड्यांतील आपल्या अनेक बांधवांची रोजी जुन्या ट्रॅक्टरवर चालते. कोणी भाड्याने नांगरट करतो, कोणी मळणीयंत्र चालवतो, कोणाचे गॅरेज आहे. इंजिनाचा वेग डळमळू लागला की पुष्कळ ठिकाणी आधी गव्हर्नरचा स्क्रू पिळला जातो. ही घाई महागात पडते. म्हणून प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ.

डिझेल इंजिनात थ्रॉटलची दांडी फक्त वेगाचा हुकूम देते. त्या वेगाला डिझेल किती लागेल हे गव्हर्नर ठरवतो. भार वाढला की तो डिझेल वाढवतो, भार उतरला की कमी करतो. काही ट्रॅक्टरांत हे काम फिरती वजने करतात. महिंद्राच्या जुन्या बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरांत ते हवेच्या ओढीवर चालते. येथे त्याचाच विचार करू.

हवा आत जाण्याच्या वाटेवर एक झडप असते. थ्रॉटल कमी केला की झडप मिटते आणि मागे हवेची ओढ वाढते. ही ओढ एका नळीतून पंपाच्या पाठीमागील पडद्यापर्यंत जाते. पडदा ओढला गेला की डिझेल कमी होते. समोरून स्प्रिंग डिझेल वाढवण्याकडे रेटत असते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल : नळी गळली किंवा पडदा फाटला तर ओढ संपते, स्प्रिंग जिंकते आणि इंजिन बेफाम पळते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) आधी एअर क्लीनर व डिझेल फिल्टर साफ करावेत आणि पाइपातील हवा काढावी. डिझेलमध्ये हवा असली तरी वेग वर-खाली होतो; मग दोष नाहक गव्हर्नरवर येतो.

२) दांडीपासून झडपेपर्यंतचे सांधे हलवून पाहावेत. झिजलेली पिन बदलावी. दांडी पूर्ण मागे व पूर्ण पुढे केली असता झडपेचा हात दोन्ही टोकांच्या स्क्रूला टेकला पाहिजे.

३) इंजिन बंद ठेवून पडदा तपासावा. पंपाकडील नळी सोडावी, बंद करण्याची दांडी ओढून धरावी, नळीच्या तोंडावर बोट घट्ट दाबावे आणि दांडी सोडावी. थोडी हालचाल होऊन ती सावकाश सरकली तर पडदा ठीक. झटक्यात परत आली तर गळती आहे. चामड्याचा पडदा वाळून कडक झाला की तडकतो. सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावू नये. नवा पडदाच बसवावा.

४) एवढे झाल्यावर इंजिन गरम करून मंद वेग झडपेच्या स्क्रूने लावावा. तरीही हेलकावे राहिले तरच पडद्याच्या घरावरील छोटा स्क्रू, हेलकावे थांबेपर्यंतच, थोडा थोडा आत घ्यावा. नंतर वेग वाढवून सोडून पाहावे. इंजिन मंद वेगावर लगेच परतले पाहिजे.

जास्तीत जास्त वेगाच्या स्क्रूला मात्र शिशाचे सील असते. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, जरा पळ वाढवा." पी.टी.ओ.वरील जुनी अवजारे बहुधा मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या हिशेबाने बनलेली असतात. वेग दहा टक्के वाढला, म्हणजे ५९४ झाला, तर फिरत्या भागांवरील ताण एकवीस टक्के वाढतो. आम्ही कापडवाले मापात चुकलो तर बोटभर कापड जाते. येथे माणसाचा हात जातो. सील तोडायचे असेल तर पंपाच्या जाणकाराकडेच जावे, आणि फेरे मीटरने मोजून पुन्हा सील करून घ्यावे.

इंजिन पळालेच तर बंद करण्याची दांडी ओढावी. ती लागू पडली नाही तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. चालत्या पट्ट्याजवळ कोणीही जाऊ नये.

गिऱ्हाइकाने आपल्या हवाली केलेला ट्रॅक्टर ही अमानत आहे. जो मिस्त्री "हे मी करणार नाही" असे सांगून योग्य काम करून देतो, त्याचे एखादे गिऱ्हाईक जाईल. पण त्याची कमाई हलाल राहील आणि हुनराची इज्जतही.