‘सायलेन घातलंय, घासायला नको’

बनशंकरी दुसऱ्या स्टेजला आमच्या गच्चीला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा नवा कठडा बसवला. रंगाच्या कंत्राटदाराने छातीठोक सांगितलं, “रंगात सायलेन घातलंय सर, घासायला नको.” पावसाळा निघाला, पण ऑक्टोबरच्या सरींनी पितळ उघडं पाडलं. फुगा आला होता तिथे नख घातलं, तर वीतभर लांब सालपट सोलून हातात आलं. खालचं जस्त चकचकीत, जसंच्या तसं. म्हणजे रंग झिजला नव्हता; तो मुळी चिकटलाच नव्हता.

यात सायलेनचा, म्हणजे रंगाची पकड वाढवणाऱ्या रसायनाचा, दोष नाही. त्याचा रेणू दुतोंडी असतो. मेथॉक्सी किंवा इथॉक्सी गटांचं एक टोक ओलाव्याने उघडतं आणि धातूवरच्या ऑक्साइडला, काचेला धरतं. दुसरं, अमिनो किंवा इपॉक्सी, रंगातल्या रेझिनशी जोडलं जातं. मात्र मध्ये तेलाचा ओशट थर असेल, तर पहिलं टोक धरणार कशाला? शिवाय जस्तावर थेट साधा ऑइल पेंट मारला, की त्यातल्या तेलाचा आणि जस्ताचा साबण बनतो आणि रंगाची पकड सुटते. सायलेनने हे थांबत नाही.

म्हणून आधी थिनरने तेल पुसून घ्या, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा (जस्त खरवडून काढायचं नाही), धुवा. मग पाणी ओतून बघा. सलग पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल अजून आहे.

प्रायमर जस्तावर चालणारा, दोन डब्यांचा इपॉक्सी घ्यावा. कंपनीनेच सायलेन घातलेला मिळाला तर उत्तम. सुट्या बाटलीतून अंदाजाने ओतणाऱ्यांचं मला भय वाटतं. अमिनो सायलेन हार्डनरच्या डब्यात जातं, इपॉक्सी सायलेन रेझिनच्या. अमिनो रेझिनमध्ये ओतलं तर डब्यातच घट्ट होण्याची सुरुवात. प्रमाण साधारण रेझिनच्या वजनाच्या 1 टक्क्याच्या आसपास. जास्त ओतलं तर ते आपापसातच जुळतं आणि पकड उलट कमकुवत होते. बाटली उघडी राहिली की हवेतला दमटपणा तिला खातो. गढूळ किंवा जेलीसारखी झाली तर टाकून द्या. मेथॉक्सी प्रकारातून मेथॅनॉल सुटतं, तेव्हा बंद खोलीत हे काम नको.

रंग पूर्ण वाळल्यावर एका कोपऱ्यात ब्लेडने जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघाले, तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा.