दमसास

तापीच्या काठावरून उत्तरेकडे पाहिले, म्हणजे क्षितिजावर सातपुड्याची निळसर रांग दिसते. शहादे सोडून म्हसावदच्या वाटेने निघालेला प्रवासी प्रथम केळी, ऊस आणि कापूस यांच्या शेतांमधून जातो. राणीपूरच्या पुढे मात्र भूमीचे रूप पालटते. सपाटी सरते, साग दाट होऊ लागतो आणि रस्ता वळणे घेत घेत डोंगराला भिडतो. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंच आहे. खाली तापीखोऱ्यातील जमीन जेमतेम दीड-दोनशे मीटर उंचीची. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत नऊशे मीटरांहून अधिक चढ झाला. दिल्लीचे बारांहून अधिक कुतुबमिनार एकावर एक रचले, तरच ही उंची भरून निघेल.

हा घाट सायकलीवरून चढावयाचा म्हटले तर काय होईल? पहिल्या वळणावर श्वास जोराने चालू लागतो. दुसऱ्या वळणावर मांड्या भरून येतात. तिसऱ्या वळणावर मन म्हणते, 'आता उतरावे.' तरीही काही माणसे उतरत नाहीत. ती शांतपणे पायडल मारीत राहतात आणि माथा गाठतात. असे कष्ट दीर्घकाळ सोसण्याच्या शक्तीला आपल्या भाषेत 'दमसास' असा एक सुंदर शब्द आहे. गवयाला तो लांब तान घेण्यासाठी लागतो, मल्लाला कुस्तीत टिकण्यासाठी लागतो आणि दूरच्या पल्ल्याच्या सायकलपटूला तर पदोपदी लागतो. हा दमसास कोठून येतो, तो जन्मतःच मिळतो की मिळवावा लागतो, याचा आपण या पाठात विचार करू.

डोंगरातील शर्यतीसाठी सायकलही वेगळी असते. तिला 'माउंटन बाइक' म्हणतात. तिची चाके रुंद असून टायरांवर खोल खाचा असतात; त्यामुळे ती खडी व चिखल यांत घसरत नाही. पुढील चाकाजवळ धक्के शोषून घेणारी रचना असते. या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन टमाल्पाइस नावाच्या पर्वताच्या कच्च्या वाटांवरून खाली येत. १९७६ मध्ये त्यांनी अशा एका उतारावर शर्यत सुरू केली. उतरताना ब्रेक एवढे तापत, की त्यांतील वंगण जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले! पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे स्थान मिळाले.

चढावर सायकलस्वाराला मोठे साहाय्य होते ते गियरचे. पुढचे दातेरी चक्र ४४ दात्यांचे व मागचे ११ दात्यांचे असेल, तर पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक चार वेळा फिरते. सपाटीवर हे ठीक आहे. चढावर मात्र स्वार साखळी पुढच्या लहान चक्रावर व मागच्या मोठ्या चक्रावर घेतो. समजा, पुढे २२ दाते आहेत आणि मागे ३४. आता पायडलचा पूर्ण फेरा होऊनही चाकाचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही. वेग फार कमी होतो. पण पायांवर पडणारा भारही तितकाच हलका होतो. मोठे ओझे लहान लहान भाग करून वाहावे, हीच गियरची युक्ती आहे. दमसास वाढविण्याची युक्तीही याहून निराळी नाही.

आपल्या हृदयाचेच उदाहरण घ्या. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा धडकते. दीर्घ पल्ल्याचा नियमित सराव करणाऱ्याचे हृदय बलवान होते. एका ठोक्यात ते अधिक रक्त पुढे ढकलते. म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला मिनिटाला पन्नासच ठोके पुरतात. मिनिटाला २२ ठोके वाचले, तर दिवसाला एकतीस हजारांहून अधिक ठोके वाचतात! स्नायूंमध्येही बदल घडतो. त्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर आपल्या चरबीचे इंधन अधिक चांगल्या रीतीने वापरू लागते. स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर कठोर श्रमात दोन तासांच्या आसपास पुरते. ती संपली, की पायांतील बळच गेल्यासारखे वाटते. म्हणून जाणता सायकलपटू भूक लागण्याची वाट पाहत नाही. तो वाटेतच केळे, गूळ-शेंगदाणे असे काही थोडे थोडे खातो आणि घामावाटे गेलेले मीठ व पाणीही भरून काढतो.

हे सारे एका दिवसात साधत नाही. सराव पायरीपायरीने वाढवावा लागतो. आज वीस किलोमीटर गेलेल्याने उद्या एकदम साठ किलोमीटर जाऊ नये. गेलेच तर गुडघे तक्रार करतात. शिवाय स्नायू बळकट होतात ते श्रमानंतरच्या विश्रांतीत व झोपेत. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस विसाव्याचे राखून ठेवावे लागतात. सरावाची ही शिडी जगभर मान्य असलेल्या 'ब्रेव्हे' नावाच्या लांब फेऱ्यांत चांगली दिसते. त्यांतील पहिली पायरी २०० किलोमीटरांची असून ती साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते. नंतर ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. येथे पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचला तो यशस्वी, एवढाच नियम.

आता आपल्या महाराष्ट्रातील दोन भावांची हकीकत ऐका. डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे राहणारे. थोरले हितेंद्र भूलतज्ज्ञ, धाकटे महेंद्र दंतवैद्य. सायकल हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग नव्हता. आपला व्यवसाय सांभाळून केवळ हौसेने ते या खेळाकडे वळले. भूतान देशातील 'टूर ऑफ द ड्रॅगन' ही शर्यत त्यांनी पुरी केली. ही माउंटन बाइकची शर्यत असून तिचे अंतर २६८ किलोमीटर आहे आणि ते एकाच दिवसात तोडावयाचे असते. बुमथांग येथून रात्रीच्या काळोखात निघावयाचे आणि हिमालयातील चार खिंडी ओलांडून राजधानी थिम्फूला पोहोचावयाचे. त्यांतील योतोंग-ला आणि पेले-ला या दोन खिंडी ३,४०० मीटरांहून उंच आहेत. तेथे हवा विरळ असते. समुद्रकाठी हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारे दोनतृतीयांशच तेथे उरतो. एका श्वासाने भागावयाचे, तेथे दीड श्वास लागतो. आणि तीन खिंडी ओलांडून शरीर थकले असताना शेवटची, दोचू-लाची दीर्घ चढण समोर उभी राहते!

त्यानंतर या बंधूंनी आणखी मोठे धाडस केले. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत १९८२ साली अवघ्या चार स्पर्धकांनिशी सुरू झाली. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघते व पूर्व किनाऱ्यावर संपते. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत तापलेले वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे, कॅन्सस प्रांताची वाऱ्याने झोडपलेली मैदाने आहेत आणि शेवटी ॲपलॅचियन पर्वताचे एकामागून एक चढ-उतार आहेत. या शर्यतीत घड्याळ कधीच थांबत नाही. खाणे, झोपणे, पंक्चर काढणे या सर्वांचा वेळ मोजला जातो. संघाने ती नऊ दिवसांत पुरी केली पाहिजे; एकट्या स्वाराला बारा दिवसांची मुदत असते.

२०१५ च्या जून महिन्यात महाजन बंधू दोघांचा संघ करून या शर्यतीत उतरले. आदिवासी बांधवांच्या नेत्रोपचारांकडे लोकांचे लक्ष वेधावे, हाही हेतू त्यांनी मनाशी धरला होता. त्यांच्या संघाच्या नावातच तो गुंफलेला होता. एक भाऊ सायकल चालवी, तेव्हा दुसरा विश्रांती घेई. मग पहिला उतरे आणि दुसरा चढे. दिवस असो वा रात्र, हे चक्र अखंड चालू राहिले. संघात आणखी माणसे होती. कोणी मोटार हाकी, कोणी वाट दाखवी, कोणी अन्नपाणी पाहे. त्यांची नावे विजेत्यांच्या पाटीवर लागत नाहीत. पण त्यांच्यावाचून चाक पुढे सरकत नाही.

अखेर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांनी हे दोघे पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिस शहरी पोहोचले. ही शर्यत मुदतीत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. मुदत संपावयास केवळ ९ तास ५ मिनिटे उरली होती. नऊ दिवसांच्या वाटचालीत रोज एक तासाहून थोडा अधिक वेळ वाया गेला असता, तर हे यश हातचे निसटले असते!

दोन भाऊ आळीपाळीने गेले. पण एकट्याने हे अंतर तोडता येईल काय? भारतीय सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१६ मध्ये तसा प्रयत्न केला. तो पुरा झाला नाही. सातासमुद्रापलीकडे जावे, हजारो किलोमीटर सायकल हाकावी आणि शेवट न पाहता परत यावे, हे दुःख लहान नव्हे. परंतु त्यांनी सायकल खुंटीला टांगली नाही. वर्षभर पुन्हा सराव केला आणि २०१७ साली ते त्याच रेषेवर जाऊन उभे राहिले. ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत त्यांनी शर्यत पुरी केली. एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्या पाठोपाठ, त्याच शर्यतीत, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही शेवट गाठला. पुढील वर्षी, २०१८ मध्ये, डॉ. समर्थ यांनी रशियातील मॉस्कोपासून व्लादिव्होस्तोकपर्यंतची सुमारे नऊ हजार किलोमीटरांची शर्यतही पुरी केली.

मुलांनो, ही माणसे आपल्याहून फार वेगळ्या मातीची आहेत, असे मानू नका. दमसास आपल्या आसपासही पुष्कळ दिसतो. दिवाळीच्या दिवसांत हजारो भाविक १,३२५ मीटर उंचीच्या अस्तंभ्याच्या डोंगरावर रात्रीच्या वेळी पायी चढून जातात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील कितीतरी मुले रोज टेकड्या चढून-उतरून शाळेला येतात. त्यांना कोणी पदक देत नाही. पण त्यांच्या पायांत व छातीत जी शक्ती साठत असते, तीच या शर्यतींचे भांडवल आहे. तिला नियमित सराव, पोटभर अन्न, पुरेशी झोप आणि जाणत्याचे मार्गदर्शन यांची जोड मिळाली पाहिजे.

तुमच्यापैकी कोणाला सायकलीची आवड असेल, तर सपाट वाटेवरून आरंभ करावा. डोक्यावर शिरस्त्राण घालावे. निघण्यापूर्वी ब्रेक, हवा आणि साखळी तपासावी. घाटात मोठ्या माणसांवाचून जाऊ नये. कारण चढणे शिकण्याइतकेच सावकाश उतरणे शिकणेही आवश्यक आहे. आज जेथे धाप लागून थांबलात, ती जागा ध्यानात ठेवावी. महिन्याभराच्या सरावानंतर तेथूनच जाताना तुम्ही सोबत्याशी बोलत असाल. घाट तेवढाच उंच राहिलेला असेल. वाढलेला असेल तो तुमचा दमसास.

स्वाध्याय

१. 'दमसास' म्हणजे काय? तो कोणाकोणाला लागतो?

२. चढावर गियर बदलल्याने सायकलस्वाराला कोणती सोय होते व कोणती गैरसोय होते?

३. नियमित सरावाने हृदयात कोणता बदल होतो? पाठातील आकडे घेऊन दिवसाकाठी वाचणाऱ्या ठोक्यांचा हिशेब मांडा.

४. एकट्या स्वाराची मुदत बारा दिवसांची असते. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ मुदतीपूर्वी किती वेळ आधी पोहोचले?

५. कारणे द्या : (अ) उंच खिंडीत श्वास अधिक घ्यावा लागतो. (आ) सरावात विसाव्याचे दिवस राखून ठेवावे लागतात.

६. तुमच्या गावात दमसासाची कामे करणारी माणसे कोण आहेत? त्यांच्यापैकी एकाविषयी दहा ओळी लिहा.