प्लॅस्टिकमधून प्रोटॉन जातो तेव्हा...

"प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक" हे मुलं सातवी-आठवीतच पाठ करतात. बारावीच्या रसायनशास्त्रातला हायड्रोजन-ऑक्सिजन इंधन घट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर चालतो. पण ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जी हायड्रोजन गाडी चालवून पाहिली, तिच्या घटात द्रावणाच्या जागी पातळ बहुवारिकाचा पडदा होता. हे मुलांना सांगायलाच हवं.

सुरुवात घरापासून करा. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी दुष्फेन. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. हाच आयन विनिमय. मण्यांच्या बहुवारिक साखळीला सल्फोनिक गट चिकटवलेले असतात. तसेच गट असलेला पडदा केला, की त्यातून प्रोटॉन जातो, इलेक्ट्रॉन जात नाही. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून फिरून यावं लागतं, आणि तीच आपली वीज!

आता खरी अडचण. खापरावरचा मांडा आठवा. जितका पातळ तितका भारी, पण हातावर फाटला की पुरण गेलं. पडदाही पातळ असेल तर रोध कमी, पण फाटला तर हायड्रोजन-ऑक्सिजन एकमेकांत मिसळणार. सल्फोनिक गट वाढवले तर पडदा पाणी जास्त धरतो, प्रोटॉन सहज पळतो. पण मग तो सैल कणकेसारखा फुगतो, मऊ पडतो. गाडी सुरू-बंद होताना ओला-कोरडा होत राहतो, शेवटी चिरतो. त्यात हायड्रॉक्सिल मूलक साखळी कुरतडतात ते वेगळंच.

म्हणून १९६० च्या दशकात डुपाँट कंपनीत वॉल्थर ग्रॉट यांनी टेफ्लॉनसारखा कणा असलेलं नाफिऑन बनवलं. पुढे आत सच्छिद्र टेफ्लॉनचा आधार देऊ लागले, मूलकांना आवरायला थोडं सेरियमही. तरी पाणी उडालं की नाफिऑनची वाहकता घसरते. पुण्याची ती गाडी ६५ ते ७५ अंश सेल्सिअसवर चालणारी होती. शंभर अंशांच्या वर जायचं तर फॉस्फोरिक आम्ल मुरवलेलं पॉलिबेन्झिमिडॅझोल वापरतात. मात्र त्यावर द्रव पाणी साचलं तर आम्ल धुऊन जातं.

वर्गात करण्याजोगं: सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत घ्या (आर.ओ.चं नको, तिथलं तत्त्व वेगळं). दोन्हींत सारखाच साबणाचा कीस टाकून हलवा. डिटर्जंट वापरू नका, त्याला दुष्फेन पाण्यातही फेस येतो. मग मुलांना विचारा: कॅल्शियम गेलं कुठे, आणि मणी भरून गेल्यावर मिठाचं पाणी का सोडतात?