फ्यूज उडतो म्हणून मशीन वाचतं (इयत्ता ४ थी-५ वीसाठी परिसर उपक्रम)



दादर, परळ, लालबाग हा आपला परिसर म्हणजे गिरणगाव. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आज गिरण्या बंद आहेत, दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवर टॉवर उभा आहे. पण गल्लीबोळांत मशीनं अजून चालतात. पिठाची चक्की, छापखाना, सुतारकाम, लेथ. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे बाबा-काका तिथेच कामाला असतात, आणि शाळा सुटली की मुलंही तिथे जाऊन बसतात. म्हणून हा विषय दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठापर्यंत थांबवून चालणार नाही.

फ्यूज म्हणजे काय?

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. वीज तारेतून जाताना उष्णता निर्माण होते. विद्युतधारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते, तिप्पट झाली की नऊपट! बाकीची वायर तापून पेटण्याआधी फ्यूजची बारीक तार वितळते आणि वीज थांबते. म्हणजे फ्यूज उडणं हा बिघाड नाही, बिघाडाची सूचना आहे.

मुलांसाठी कृती (विजेशिवाय)

साहित्य : कागदी कप, सुतळी, शिवणकामाचा दोरा.

कपाला भोक पाडून सुतळी बांधा. सुतळी मध्ये कापून दोन टोकं शिवणदोऱ्याने जोडा. एका मुलाने कप धरावा, दुसऱ्याने हळूहळू ओढत जावं. दोरा तुटतो, कप शाबूत राहतो. आता दोऱ्याऐवजी अखंड सुतळी बांधून ओढा. या वेळी कपच फाटतो. मग विचारा, ‘कप म्हणजे कोण? दोरा म्हणजे कोण?’ कप म्हणजे मशीन, दोरा म्हणजे फ्यूज, हे मुलं पटकन ओळखतात.

कारखान्यातला फ्यूज वेगळा का?

घरात २३० व्होल्टची सिंगल फेज वीज असते. मोठ्या मोटरला साधारण ४१५ व्होल्टची थ्री फेज लागते, म्हणून तीन फ्यूज असतात. त्यातला एकच उडाला तर मोटर नुसती गुणगुणते, सुरू होत नाही. चालू असताना उडाला तर उरलेल्या दोन फेजवर भार येतो आणि मोटरचं वाइंडिंग जळू शकतं. असा आवाज आला की लगेच बंद करायचं. जुन्या ठिकाणी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात, त्यात तार बदलता येते. एचआरसी फ्यूजमध्ये आत वाळू भरलेली असते, ती ठिणगी विझवते. तो उडाला की अख्खा बदलावा लागतो.

सुरक्षित तपासणी

हे काम जाणकार, परवानाधारक वायरमननेच करायचं. मुलांनी तर अजिबात नाही. पण योग्य पद्धत कशी असते हे पालकांना माहीत असावं.

१. मशीन आणि मेन स्विच दोन्ही बंद करावेत. मेन स्विचला कुलूप आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी.
२. फिरणारे भाग पूर्ण थांबू द्यावेत. कपॅसिटर असेल तर तो रिकामा झाल्याची खात्री करावी.
३. मीटर आधी चालू विजेवर तपासावा, मग मशीनवर, मग पुन्हा चालू विजेवर. मीटरच बिघडलेला असेल तर ‘वीज नाही’ असा खोटा दिलासा मिळतो.
४. फ्यूज पुलरने काढून तिन्ही तपासावेत. एचआरसी फ्यूज बाहेरून चांगला दिसला तरी आतून गेलेला असू शकतो.
५. आधी कारण शोधावं : अडकलेला पट्टा, जाम बेअरिंग, सोललेली वायर.
६. त्याच प्रकारचा, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा.
७. झाकण लावून, सगळ्यांना बाजूला करून वीज चालू करावी. पुन्हा उडाला तर तिसरा घालून बघायचा नाही.

आणि हो, मीटरजवळचं सील आणि कट-आउट वीज कंपनीचं, आपल्याकडे बेस्टचं. त्याला हात लावायचा नाही.

‘जाड तार घाल, म्हणजे उडणार नाही!’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. काम थांबलं की त्या दिवसाचे पैसे जातात, ऑर्डर रखडते, त्यामुळे ही घाई समजते. पण बघा, जाड तार घातल्यावर फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. चक्कीत हवेत पीठ असतं, सुतारकामात भुसा, छापखान्यात कागद. तिथे एक ठिणगी पुरते. वरच्या मजल्यावर तर माणसं राहतात! फ्यूजचे थोडे पैसे वाचतात, पण जबाबदारी सगळ्या चाळीची होते.

घरचा अभ्यास

मुलांनी मोठ्यांसोबत, दुरूनच, घरातला मेन स्विच कुठे आहे ते पाहून यावं. त्यांना एवढं तरी यायला हवं : कुणाला शॉक लागला तर त्या माणसाला हात लावायचा नाही, मोठ्याने ओरडून मोठ्यांना ‘मेन बंद करा’ असं सांगायचं. वर्गात हे चार वेळा म्हणून घ्या. पालकांनी आपल्या कामाच्या जागी एकच प्रश्न विचारावा, ‘आपल्या फ्यूजमध्ये तार कुठली आहे?’