कानाला काम द्यावं

भाचीबाई, नोकरीचं पत्र येईना आणि घराचा हप्ता तारीख चुकवीना, अशात झोप उडणारच. देवरुखला येते आहेस ते बरं केलंस. मृग लागलाय, रात्री इथे कुणी गप्प बसत नाही. निघण्याआधी एवढं वाचून ठेव.

१. पहिल्या रात्री नुसता गोंगाट वाटेल, वैतागू नकोस — रिक्षांना सरावलेल्या कानाला बेडकांची ओळख पटायला एखाद-दुसरी रात्र लागतेच.

२. फोन उशाशी नको, माजघरात चार्जिंगला लाव — रात्री दोन वाजता ईमेल उघडून नोकरी लागल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडेही पाठ करून नीज. जो घड्याळ बघे त्याची रात्र वाढे.

३. खाटेवरच झोपायचं, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचायच्या — मण्यार रात्रीच हिंडते, घरातही शिरते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला पत्ता लागत नाही. हे भीती घालायला सांगत नाही. कडा खोचल्या की निर्धास्त ऐकत पडता येतं.

४. पडवीत येऊन बसावंसं वाटलं तर चपला आधी झटक, मग घाल, आणि बॅटरी हातात ठेव — पावसात विंचवालाही कोरडी जागा लागते. बसलीस की बॅटरी विझव, नाहीतर सगळे किडे तुझ्याच तोंडावर.

५. आधी सगळ्यात लांबचा आवाज शोध आणि मग एकेक करत जवळ ये: ओढा, शेतातले बेडूक, परसातले रातकिडे, शेवटी पागोळ्या — लांबचं ऐकायला कान ताणला की डोक्यातला हिशेब कधी सुटला ते कळत नाही. झोपेच्या मागे लागू नये, कानाला काम द्यावं. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

६. मग एकच रातकिडा धरून ठेव. किरकिर नराचीच, पुढचे पंख एकमेकांवर घासून काढलेली. उकाड्यात भराभर, गारव्यात संथ — त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, हवेवर सगळं अवलंबून. अमेरिकेतल्या डॉल्बेअर नावाच्या प्राध्यापकाने १८९७ मध्ये किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्रच मांडलं. तू मात्र मोजू नकोस, तुझ्या डोक्यात आकडे आहेत तेवढे पुरेत.

७. डराव-डराव ऐकू आलं म्हणून अंधारात बांधावर जाऊ नकोस, उजेडी माझ्याबरोबर चल — पहिल्या मोठ्या पावसानंतर मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे फुगवतात. एवढा थाट आणि एवढा आरडाओरडा, सगळा लग्नासाठी! तुझ्या आईला हे सांगू नकोस, ती लगेच तुझा विषय काढेल.

८. सगळे एकदम गप्प झाले तर कुणीतरी आलंय असं समज आणि बॅटरी मारून बघ — बहुतेक वेळा आमचा बोकाच असतो.

९. टिटवी ओरडली, पिंगळा बोलला म्हणून मनात काही आणू नकोस — टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, कुत्रं जवळून गेलं तरी तिचा जीव वरखाली होतो. शेजारच्या गोठ्यावर गव्हाणी घुबड किंचाळतं, ते तर आमचे उंदीर खातं. दुसऱ्याच्या ओरडण्यात आपलं नशीब शोधू नये.

१०. रातवा ऐकू आला तर मला हाक मार. त्याच्या एका जातीचा आवाज फरशीवर सोडलेली गोटी टपटपत थांबावी तसा येतो — पाऊस स्थिरावला की तो फारसा बोलत नाही, मग वर्षभर वाट बघावी लागते.

११. पुण्याला परतल्यावर फोनवर पावसाचा आवाज लावायचाच तर हळू लाव आणि आपोआप बंद होईल असं कर — तोच तुकडा फिरून फिरून येतोय हे कानाला कळतं, आणि मग तू त्याचीच वाट बघत जागी. त्यापेक्षा आधी खिडकी उघड. सोसायटीतल्या जुन्या झाडात पिंगळा असतो, पहाटेचा दयाळ तर हमखास.

१२. दोन-तीन आठवडे झोपच नाही, अन्न जात नाही किंवा जीव नकोसा वाटतोय, असं झालं तर बेडकांवर भागवू नकोस, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ — पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात आणि अपरात्रीही फोन उचलतात. मलाही खुशाल उठव, या वयात कोण गाढ झोपतंय?

१३. येताना बॅटरीचे सेल आणि बाकरवडी आण — सेल इथे मिळतात, बाकरवडी तशी मिळत नाही. तेव्हा पिशवीत जागा कमी पडली तर काय गाळायचं ते तुला कळतंच.