सर्व्हलेटच्या फील्डमध्ये कुणाचं काही ठेवू नका

एका पतसंस्थेची ऑनलाइन खात्यांची प्रणाली आमच्याकडे देखभालीला आली, ती एका विचित्र तक्रारीसकट. सकाळच्या गर्दीत एखाद्या सभासदाला भलत्याच माणसाचा खातेउतारा दिसायचा. पान पुन्हा उघडलं की सगळं जागच्या जागी. आमच्या ऑफिसात कितीही वेळा तपासलं तरी उतारा बरोबरच यायचा.

दोष सर्व्हलेटच्या क्लासमध्ये अगदी वर लिहिलेला होता: खातेक्रमांकाचं एक साधं फील्ड. रिक्वेस्टमधून क्रमांक काढायचा, त्या फील्डमध्ये ठेवायचा आणि मग डेटाबेसला विचारायचं.

टॉमकॅट दर रिक्वेस्टला नवा सर्व्हलेट बनवत नाही. ऑब्जेक्ट एकच असतो आणि त्याची 'इनिट' मेथडही एकदाच चालते. रिक्वेस्ट येतील तसे पूलमधले थ्रेड, वेगळी सेटिंग नसेल तर 200 पर्यंत, त्याच ऑब्जेक्टमधून एकाच वेळी धावतात. पहिल्या थ्रेडने फील्डमध्ये 1041 लिहिलं. डेटाबेसचं कनेक्शन मिळेपर्यंत तो थांबला. तेवढ्यात दुसऱ्याने तिथेच 2077 लिहिलं. पहिला पुढे सरकला आणि 2077 चा उतारा 1041 च्या माणसाच्या हाती गेला. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये एक ओळ. लोकांच्या पैशांची माहिती अशी गुपचूप फुटते, म्हणून मला ही चूक सर्वांत घातक वाटते.

रिक्वेस्टचं जे काही असेल ते लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढच्या मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक स्वतंत्र असतो. स्प्रिंगचे कंट्रोलरही सहसा सिंगलटनच असतात, तेव्हा तिथेही हेच पाळा. सामायिक 'सिंपलडेटफॉरमॅट' दिसला की काढून टाका. जावा 8 पासून 'डेटटाइमफॉरमॅटर' आहे, तो बिनधास्त वाटून वापरता येतो. थ्रेडलोकल वापरलंत तर 'फायनली'मध्ये रिकामं करा, कारण थ्रेड पूलमध्ये परततो आणि पुढच्या माणसाच्या कामाला लागतो.

घाईने अख्ख्या 'डू-गेट'ला 'सिंक्रोनाइज्ड' लावू नका; सगळे एकामागे एक रांगेत उभे राहतील. जुन्या पुस्तकांतलं 'सिंगलथ्रेडमॉडेल' तर सर्व्हलेट 2.4 मध्येच बाद ठरलं आणि 6.0 मध्ये काढूनच टाकलं. त्याने सेशनचं रक्षण कधीच होत नव्हतं: एकाच माणसाने दोन टॅब उघडले तरी सेशन एकच.

चाचणी करताना जेमीटरमध्ये वेगवेगळ्या खात्यांचे पन्नासएक वापरकर्ते एकदम सोडा. नुसता 200 चा स्टेटस पाहून थांबू नका. प्रत्येक उत्तरातला खातेक्रमांक मागितलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा.