कॅरनटूहिल : उतरायची वाट आधी ठरवा

डब्लिन, कॉर्क, लिमरिक या शहरांत नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचे पाय शनिवार-रविवारी घरात ठरत नाहीत, त्यामुळे आयर्लंडच्या सर्वोच्च शिखराचा विषय कधी ना कधी निघतोच. कॅरनटूहिल, उंची १,०३९ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर असल्यामुळे हा डोंगर अर्ध्या दिवसात उरकेल असं अनेकांना वाटतं. हा अंदाज सोडून द्यावा, असं मी कळकळीने सांगेन. इथली चाल जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, म्हणजे सुमारे नऊशे मीटरचा चढ तुमच्या पायांनीच भरून काढायचा असतो. वर अटलांटिक महासागरावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा थेट याच डोंगररांगेवर आदळतो. चढताना माणसं सहसा अडचणीत येत नाहीत. अडचण उतरताना येते, म्हणून उतरायची वाट घरी नकाशा पसरूनच ठरवावी.

हा डोंगर आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या मॅकगिलिकडीज रीक्स या रांगेत आहे. कॅरनटूहिल, बीनकेराह आणि काहेर ही देशातली तीन सर्वांत उंच शिखरं इथे एकमेकांना खेटून उभी आहेत. मुक्कामाला किलार्नी हे गाव सोयीचं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून तिथे रेल्वेने जाता येतं, काही गाड्यांना मॅलो इथे बदल करावा लागतो. पुढे पायथ्यापर्यंत भाड्याची गाडी किंवा टॅक्सी करावी. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, पण शेवटचे रस्ते फार अरुंद आहेत. समोरून ट्रॅक्टर आला की मागे घेण्याची तयारी ठेवा.

बहुतेक जण क्रोनिन्स यार्ड इथून सुरुवात करतात. हे एका शेतकरी कुटुंबाचं अंगण आहे. पैसे देऊन गाडी लावता येते, चहाची सोय आहे, परतल्यावर अंघोळही करता येते. आयर्लंडमध्ये डोंगरावर फिरण्याचा सरसकट हक्क कुणालाही नाही. हे सगळे उतार खासगी मालकीचे आहेत आणि मालकांनी मोठ्या मनाने वाट मोकळी ठेवली म्हणूनच आपण जातो. म्हणून उघडलेलं फाटक मागे वळून लावायचं, मेंढ्यांना हुसकायचं नाही, कुत्रा सोबत न्यायचा नाही. या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर उद्या वाट बंद होईल, आणि त्याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही.

अंगणातून निघालं की गाडा नदीच्या काठाने हॅग्ज ग्लेन नावाच्या दरीत शिरायचं. पहिला तासभर सपाट आणि सुरेख आहे. पुढे दोन्ही हातांना दोन तळी लागतात, कॅली आणि गौराह. हिमनद्यांनी कोरलेल्या या खोलगटांच्या मागे लालसर वालुकाश्माचे कडे सरळ उभे राहतात. आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्यांनी इथे जरा थांबून दगड निरखावा. ओला असताना तो कसा निसटतो हे इथेच, सपाटीवर, बुटाने तपासून घ्यावं.

समोर दिसते ती डेव्हिल्स लॅडर. आपल्या भाषेत ही चक्क एक नाळ आहे : दोन डोंगरांमधली अरुंद, उभी, सुट्या धोंड्यांनी भरलेली घळ. वर जाऊन ती सुमारे ७३० मीटरवरच्या खिंडीत उघडते. तिथून डोंगराच्या रुंद पाठीवरून उजवीकडे शिखर गाठायला पाऊण तास ते तासभर लागतो. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने या नाळेची पार झीज झाली आहे. दगड पायाखाली सरकतात, वरच्याने हलवलेला धोंडा खालच्याच्या अंगावर येतो. वर चढताना दोघांत अंतर न ठेवता जवळ जवळ चला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच हाताशी येतो. वर आणखी माणसं असतील तर ती बाहेर पडेपर्यंत बाजूला आडोशाला थांबा. पाऊस पडून गेला असेल तर या वाटेचा नादच सोडावा.

माझं स्पष्ट मत असं की नाळेने चढलात तरी नाळेने उतरू नका. थकलेले गुडघे, ओला घसारा आणि घरी पोहोचण्याची घाई या तिन्ही गोष्टी उतरतानाच एकत्र येतात. त्यासाठी झिगझॅग नावाची दुसरी वाट आहे. खिंडीत परत आल्यावर नाळ डावीकडे सोडून समोरच्या क्नॉक ना तोन्या या ८४५ मीटरच्या डोंगरावर चढायचं, त्याच्या लांब धारेवरून पूर्वेला जायचं आणि पलीकडून नागमोडी वाटेने दरीत उतरायचं. उतरायला निघालेल्या माणसाला आणखी शंभरेक मीटर चढणं जिवावर येतं. तरीही ते चढा. पायवाट भक्कम आहे, आणि त्या धारेवरून दोन्हीकडचं केरी दिसतं. नवख्यांनी, मुलांना घेऊन आलेल्यांनी दोन्ही वेळा हीच वाट धरावी.

आणखी दोन वाटांची नावं तुम्ही ऐकाल. ब्रदर ओशेज गली ही ओढ्याच्या काठाने तीन टप्प्यांत चढणारी घळ आहे. हात टेकवत चढावं लागतं आणि वर वाट नेमकी सापडावी लागते. पश्चिमेकडून, हायड्रो रोडच्या बाजूने कूमलॉक्रा हॉर्सशू हा फेरा काहेर, कॅरनटूहिल आणि बीनकेराह या तिघांना जोडतो. त्यात बीनकेराहची धार अरुंद असून दृष्टिभय भरपूर आहे. हरिहर किंवा अलंगच्या कड्यावर मन स्थिर राहिलेल्यांनी कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी जरूर जावं, बाकीच्यांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा. काहेरवरून जाऊन त्याच वाटेने परतणं लांबलचक आहे, पण त्यात चढाईचे अवघड टप्पे नाहीत.

शिखरावर पोलादाचा क्रूस आहे. १९७६ साली उभारलेला हा क्रूस २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये कुणीतरी कापून पाडला होता. स्थानिकांनी तो थोड्याच दिवसांत पुन्हा उभा केला. ढगांत वेढलेले असाल तेव्हा हा क्रूस फोटोपेक्षा मोठ्या कामाचा ठरतो, कारण नकाशावर आपण नेमके कुठे आहोत हे तो सांगतो. इथेच होकायंत्र बाहेर काढा. खिंडीची दिशा साधारण आग्नेय आहे. या वाटेच्या डाव्या हाताला, ईशान्य बाजूला, हॅग्ज ग्लेनवर कोसळणारे कडे आहेत. दहा पावलांवरचं दिसत नसताना ‘खाली जाते ती वाट’ म्हणून तिकडे वळणं जीवघेणं आहे. उतार अचानक तीव्र वाटला, पायवाटेच्या खुणा संपल्या, तर थांबा आणि क्रूसापर्यंत परत चढा. मोबाइलमधला नकाशा जवळ असावाच, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या काचेवर बोट चालत नाही. आयर्लंडच्या सरकारी डिस्कव्हरी मालिकेतला ७८ क्रमांकाचा कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा.

वेळेचा हिशेब जुन्या नेस्मिथ नियमाने करावा : दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. बारा-तेरा किलोमीटर आणि नऊशे मीटरला सुमारे चार तास येतात. घसारा, दलदल, विश्रांती आणि वारा धरून सहा-सात तास हातात ठेवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई नाही. डिसेंबरअखेर मात्र सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. वर बर्फ असलं तर बर्फकुऱ्हाड आणि बुटांचे काटे लागतात. ते वापरायचं शिक्षण नसेल तर एप्रिल ते सप्टेंबर हाच आपला हंगाम. निघण्याआधी मेट एरन या आयरिश हवामान खात्याचा अंदाज पाहा, आणि त्यात पावसापेक्षा वारा व ढगांची उंची जास्त बारकाईने वाचा.

कपड्यांत आपली पावसाळी सवय मोडावी लागते. सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो, भिजत चालण्यात मजा असते. इथे खाली १६ अंश असताना माथ्यावर नऊ-दहा असतात, त्यात वारा, आणि भिजलेला सुती टी-शर्ट अंगातली ऊब शोषून घेतो. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पाणी न झिरपणारं जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे जुलैतही हवेत. पोंचो इथे कुचकामी, वाऱ्याने शिडासारखा फुगतो. घोट्यापर्यंतचे बूट, हेडटॉर्च, शिट्टी, थर्मासमध्ये गरम चहा, डब्यात थेपले, चिक्की, लाडू. गवतातून चालल्यावर रात्री पायांवर गोचीड शोधा, तिच्यापासून लाइम रोग होऊ शकतो.

अपघात झाला तर ११२ किंवा ९९९ लावून ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं. केरी माउंटन रेस्क्यूचे लोक स्वयंसेवक आहेत आणि मदतीचे पैसे घेत नाहीत. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी एसएमएस जातो. आयर्लंडमध्ये ११२ ला एसएमएस करण्यासाठी क्रमांक आधी नोंदवावा लागतो, ते काम घरीच करून ठेवा. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

सकाळी उठल्यावर रीक्सवर ढग बसलेले दिसले आणि वाऱ्याचा आकडा मोठा असला, तर किलार्नीजवळचा टॉर्क डोंगर निवडा. ५३५ मीटरचा हा डोंगर, वर जाणारी वाट बरीचशी जुन्या रेल्वे स्लीपरची, दलदलीवरून अलगद नेणारी. दोन-तीन तासांत जाऊन येता येतं, आणि ढग वर असतील तर माथ्यावरून किलार्नीचे तलाव आणि पलीकडे रीक्सची रांग दिसते.